पायरी

एकोणीस वर्षं मी पगार मागितला नाही.
तो यायचा,
नोव्हेंबरात रेड नदीवर बर्फ येतो तसा,
न विचारता, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे.

तक्त्याला आठ पायऱ्या.
वर्षाला एक. आठवीवर जिना संपला
आणि मी तिथेच बसून राहिले अकरा वर्षं,
पायरी ओळखून.

आज जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसलेय.
विनिपेग, उणे एकतीस.
इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर
पार्किंगच्या खांबाला लुचतेय वासरासारखी.
मांडीवर डबा, त्यात काल रात्रीच्या पिरोगी,
कानाशी कॉलिन ट्रास्क,
सल्लागार कंपनीतला भागीदार, आवाज
नुकता रंग दिलेल्या कठड्यासारखा.

"तर व्हर्ना, तुमची अपेक्षा काय?"

अपेक्षा.
हा शब्द आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर येत नसे.
बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात. पुरेसं मिळालं
तर म्हणायचे देवाची कृपा,
कमी मिळालं तर युनियनची बैठक.
तिसरं काही असतं, एकट्यानं मागणं,
ते आम्हाला कुणी दाखवलंच नाही.

मी पूल तपासते.
हातोडीनं काँक्रीट वाजवत जाते, पाऊल पाऊल.
भरीव असेल तर खण् बोलतं.
आतून सुटलेलं असेल तर ढब.
ढब ऐकू आलं की खडूनं गोल करायचा, पुढे जायचं.

"आमचं बजेट खरं तर ठरलेलं आहे."
ढब.
"शिवाय इथलं वातावरण अगदी घरच्यासारखं."
ढब.
सध्याचा पगार त्यानं विचारला नाही. कशाला विचारेल?
सरकारी पगार छापून येतो,
माझ्या माजी नवऱ्यालाही पाठ आहे.

त्याला आठवत नव्हतं ते एवढंच:
त्याच्या कंपनीची बिलं पंधरा वर्षं
माझ्याच टेबलावरून जात होती.
ज्येष्ठ अभियंता, एक तास, दोनशे चौदा डॉलर.
मी लाल पेन्सिलीनं खूण करायचे.
माझा तास मी मोजला एकदाच,
पूर ओसरल्यावर पुलाखाली गुडघाभर चिखलात,
त्यांचा ज्येष्ठ अभियंता वर गाडीत कॉफी पीत
ओरडून विचारत होता, "भेग किती रुंद आहे?"

मी आकडा सांगितला.
अख्खा. मागे "म्हणजे, जमलं तर" न जोडता.
मग गप्प.

काचेवर माझाच श्वास गोठत गेला.
तीनदा ओठांवर आलं, थोडं कमीही चालेल;
तिन्ही वेळा मी तोंडात पिरोगी कोंबली.
गार, कडक, बटाट्याची.

"पेन्शन अर्ध्यावर सोडतेय," शेवटी म्हणाले,
"आणि वर्षभर जुन्या खात्याचा उंबरा बंद.
त्या वर्षालाही भाव आहे."

तो आला. मी मागितल्याहून नऊ हजार खाली,
त्याच्या ठरलेल्या बजेटहून एकवीस हजार वर.
ठरलेलं बजेट!
एखादी भेग एका फोनमध्ये इतकी रुंदावली असती
तर मी पूल बंद केला असता.

हो म्हणाले. फोन ठेवला.
आनंद लगेच झाला नाही. आधी राग आला,
उशिराचा, अकरा वर्षांचा,
आणि कुणावर काढावा ते कळेना.
तक्त्यावर कसं रागावणार?

माझ्या टेबलावर आता डालिसाय बसेल.
हातोडी कशी धरायची ते तिला मी शिकवलं:
सैल, मनगटातून.
ती तिसऱ्या पायरीवर आहे, वेळेवर येते, काही मागत नाही.
पुढचा हिवाळा सरल्यावर कधीतरी
तिच्यासमोर एक बिल जाईल:
व्ही. हनात्युक, ज्येष्ठ अभियंता, एक तास.
ती आकड्यावर थांबेल.
समासात, मी लावलेल्या वळणाच्या अक्षरात लिहील,
"दर जास्त वाटतो. खुलासा करावा."

करीन.
पण कागदावर नाही. तिला घरी जेवायला बोलावून,
तिचा तास तिच्यासमोर मोजून,
पायरी सोडून.